कायदा आणि अकाउंट्स एकत्र शिकायचंय : वाचकांचे प्रश्न

बारावीचे आणि टीवायचे निकाल लागले की या सदराकडे करिअरचे प्रश्न वाढतात, पण यावेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत एकच गोष्ट परत परत दिसली, वकिली आणि हिशेब दोन्ही एकत्र शिकता येतं का, म्हणून यावेळची सगळी जागा त्यालाच देतेय. मी स्वतः टॅक्सची वकिली करते, आधी बी.कॉम. आणि मग एलएलबी असा माझा रस्ता होता. नियम जिथे आहेत तिथे नियम सांगते, माझं मत जिथे आहे तिथे मत म्हणून सांगते. पत्र पाठवणाऱ्या कुणाचंच नाव छापलेलं नाही.

ताई नमस्कार, मी ऐरोलीत राहते, यंदा बारावी कॉमर्स झाले. अकाउंट्स माझा आवडता विषय आहे पण मला वादविवाद, वाचन हे पण खूप आवडतं. बाबा म्हणतात सीए कर, मामा वकील आहे तो म्हणतो लॉ ला ये. बी.कॉम. एलएलबी असा पाच वर्षांचा कोर्स असतो असं कळलं, मग तोच केला तर दोघांचंही ऐकल्यासारखं होईल आणि मी सीए पण होईन ना?

अगं, शेवटचा प्रश्न आधी घेते कारण बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. बी.कॉम. एलएलबी करून सीए होता येत नाही. सीए ही विद्यापीठाची डिग्रीच नाहीये, १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली आयसीएआय ही संस्था तिच्या परीक्षा घेते, फाउंडेशन मग इंटर मग फायनल, आणि इंटर ते फायनलच्या मधे दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी (पूर्वी तीन वर्षं होती, जुलै २०२३ पासून नवीन स्कीम आली त्यात ती दोन झाली). कंपनीच्या ऑडिट रिपोर्टवर सही करायचा हक्क सीएलाच. तसंच कोर्टात उभं राहायला सनद लागते, ती बार कौन्सिलकडून मिळते आणि त्यासाठी एलएलबी लागतंच. म्हणजे विद्यापीठाची जोड-डिग्री तुला वकिलीच्या दारापर्यंत नेते आणि हिशेब वाचायची नजर देते, हिशेबावर सही करायचा अधिकार देत नाही. बाबांना हे आधी नीट सांग म्हणजे पाच वर्षांनी घरात गैरसमज नको.

आता कोर्सबद्दल. पाच वर्षं, दहा सेमिस्टर, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत बसणारा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बीए किंवा बीएलएस जोडलेलं एलएलबी असतं, मुंबई विद्यापीठाच्या बाळकुमच्या ठाणे उपकेंद्रात बीबीए एलएलबी आहे, त्यात मॅनेजमेंट आणि अकाउंट्सचे विषय येतात. प्रॉपर बी.कॉम. एलएलबी हवं तर तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात आहे पण तिथे जायला क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, दोन तासांत १२० प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी एमएच सीईटी लॉ ही राज्याची प्रवेश परीक्षा, तिला निगेटिव्ह मार्किंग नाही. ओपनला बारावीत ४५ टक्के लागतात. पण प्रॉस्पेक्टसवर 'बीबीए' किंवा 'बी.कॉम.' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नकोस, त्यांचा दहाही सेमिस्टरचा सिलॅबस मागून घे आणि बघ की अकाउंट्स, कॉस्टिंग, टॅक्सेशन, कंपनी लॉ किती सेमिस्टर आहे. काही ठिकाणी पहिल्या दोन वर्षांत अकाउंट्सचे एकदोन पेपर होतात आणि मग तो विषय परत दिसतच नाही, आणि पाचव्या वर्षी मुलांना ट्रायल बॅलन्स पण आठवत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे आधी साधं बी.कॉम. तीन वर्षं आणि मग तीन वर्षांचं एलएलबी, एकूण सहा. एक वर्ष जास्त जातं हे खरं, पण तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तुला थांबून ठरवता येतं की सीएकडे जायचं का लॉ कडे, आणि बी.कॉम. चांगल्या मार्कांनी झालं, कॉमर्सला ५५ टक्के, तर सीएला फाउंडेशन न देता थेट इंटरला जायची सोय आहे. तुझं पत्र वाचून मला वाटतं तुझं अजून ठरलेलं नाही, म्हणून मी तुला हाच रस्ता सांगेन. ज्याचं वकिलीच करायचं पक्कं आहे त्याने पाच वर्षांचा घ्यावा.

ठरवायचं कसं? दोन गोष्टी कर, दोन्हीला पैसे लागत नाहीत. एक म्हणजे ठाण्याला कोर्ट नाक्यावर जिल्हा न्यायालयात किंवा तुला जवळ बेलापूरच्या कोर्टात जाऊन एक अख्खा दिवस मागच्या बाकावर बस, कोर्ट खुलं असतं, कुणीही बसू शकतं, मोबाईल बंद ठेव आणि नुसतं ऐक. सिनेमासारखं काही नसतं, तारखा पडतात, अर्ज वाचले जातात, मधेच एखादा वकील दोन मिनिटांत नेमकं बोलून ऑर्डर घेऊन जातो. दुसरं म्हणजे कुठल्याही मोठ्या लिस्टेड कंपनीचा ॲन्युअल रिपोर्ट डाउनलोड कर आणि आकड्यांच्या खालच्या टिपा वाच. त्यात 'कंटिन्जंट लायबिलिटी' नावाची टीप सापडेल, कंपनीवर चालू असलेल्या केसेस, टॅक्सच्या डिमांड, कामगारांचे दावे, सगळं तिथे असतं.

ही टीप मला सगळ्यात जास्त आवडते कारण तुझे दोन्ही विषय तिथे एकमेकांना भेटतात. समज एका कंपनीवर ४० कोटींचा दावा चालू आहे. हिशेबाचा नियम काय सांगतो (इंड एएस ३७, आणि छोट्या कंपन्यांना एएस २९) तर पैसे द्यावे लागतील ही शक्यता जास्त असेल आणि रकमेचा अंदाज करता येत असेल तर आत्ताच तरतूद करा, म्हणजे नफा तेवढा कमी दाखवा. शक्यता आहे पण तितकी नाही, तर फक्त टिपेत लिहा. आणि शक्यता अगदीच नगण्य असेल तर लिहायचीही गरज नाही. आता शक्यता किती हे सांगणार कोण? अकाउंटंट वकिलाचं ओपिनियन मागतो. वकिलाला ताळेबंद कळत नसेल तर तो दहा पानं लिहून देतो ज्यातून काहीच ठरत नाही, आणि अकाउंटंटला कायदा कळत नसेल तर तो त्यातलं सोयीचं वाक्य उचलतो, आणि मधे शेअरहोल्डर बसलेला असतो ज्याने त्या नफ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवून आपले पैसे टाकलेत. हे ओपिनियन नीट लिहू शकणारी माणसं फार कमी आहेत. रिपोर्टमधली ती टीप वाचताना तुला पुढचं पान उलटावंसं वाटलं तर हे क्षेत्र तुझं आहे. कंटाळा आला तरी काही बिघडलं नाही, बारावीनंतर कळलेलं बरं.

मॅडम, आम्ही खारघरला असतो. मुलाला ऑस्ट्रेलियात लॉ आणि कॉमर्सची डबल डिग्री करायची आहे, अकाउंटिंग मेजर. खर्च खूप आहे, कर्ज काढावं लागेल. पाच वर्षांत दोन डिग्र्या मिळतात म्हणतात. तो परत येऊन इथे प्रॅक्टिस करेल अशी आमची इच्छा आहे. योग्य आहे का?

साहेब, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, तिथूनच उत्तर निघतं.

डबल डिग्री तिकडे अगदी नेहमीची गोष्ट आहे. कॉमर्सची डिग्री तीन वर्षांची, लॉ ची चार, वेगवेगळ्या केल्या तर सात वर्षं, एकत्र केल्या की साधारण पाच, कारण एका डिग्रीतले ऐच्छिक विषय दुसऱ्या डिग्रीच्या सक्तीच्या विषयांनी भरून निघतात आणि शेवटी हातात दोन सर्टिफिकेटं येतात. आपल्या इंटिग्रेटेड कोर्सपेक्षा तिकडे अकाउंटिंगचा भाग सहसा जास्त भरीव असतो हे मान्यच करायला हवं. पण त्या दोन डिग्र्यांनी तिथेही थेट काम सुरू होत नाही. वकील व्हायला 'प्रीस्टली इलेव्हन' म्हणतात ते अकरा सक्तीचे विषय डिग्रीत झालेले असावे लागतात, मग प्रॅक्टिकल लीगल ट्रेनिंग, मग त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टात ॲडमिशन. अकाउंटंट व्हायला सीपीए ऑस्ट्रेलिया किंवा तिथल्या चार्टर्ड अकाउंटंट्सचा वेगळा प्रोग्रॅम, तो डिग्रीनंतर नोकरी करत करायचा. म्हणजे तुमचं पाच वर्षांचं गणित सात-आठ वर्षांचं धरून चाला, कर्जाचा हिशेब पण तसाच करा.

आता परत यायचं असेल तर. अकाउंटिंगचं शिक्षण बऱ्यापैकी सोबत येतं, कारण तिकडचे स्टँडर्ड्स आणि आपले इंड एएस दोन्ही आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड्सवरूनच बेतलेले आहेत. कायदा मात्र ज्या त्या देशाचा. तो तिकडचा कॉर्पोरेशन्स ॲक्ट २००१ शिकेल, तिकडचा इन्कम टॅक्स शिकेल, जीएसटीचा दर सुद्धा तिकडे एकच, १० टक्के, आणि तोही २००० सालापासून, आपल्या जीएसटीशी त्याचं नावापलीकडे फारसं नातं नाही. आणि इथे सनद घ्यायची तर ती परदेशी डिग्री बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली असावी लागते आणि वर भारतीय नागरिकांसाठी वेगळी क्वालिफाइंग परीक्षा द्यावी लागते. पैसे भरायच्या आधी त्या विद्यापीठाचं आणि त्या नेमक्या डिग्रीचं नाव घालून बार कौन्सिलला लेखी विचारा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

माझं मत विचाराल तर, मुलगा तिकडेच राहायचं म्हणत असेल तर डबल डिग्री उत्तम. ठाण्याला किंवा बेलापूरला बोर्ड लावायचा असेल तर एलएलबी इथेच करू द्या, आणि तिकडचं आकर्षण असेलच तर नंतर एका वर्षाचं एलएलएम करायला पाठवा, कर्जही तेवढंच लहान होईल. तुमची इच्छा आणि त्याची इच्छा एकच आहे का हे मात्र त्याच्याशी बोलून घ्या, पत्रात फक्त तुमची लिहिलीये.

ताई, मी नौपाड्यात राहतो, सीए इंटरचे दोन्ही ग्रुप निघाले, वागळे इस्टेटमधल्या एका फर्मला आर्टिकलशिप चालू झाली. बी.कॉम. आत्ताच संपलं. मित्र म्हणतात लगेच लॉ ला ॲडमिशन घे, अटेंडन्स मॅनेज होतो, सीए फायनल आणि एलएलबी एकदमच संपेल. दोन वर्षं वाचतील. घेऊ का?

दादा, नको घेऊ. हे मी मोघम सांगत नाही, कारणं लिहिते.

बार कौन्सिलच्या २००८ च्या लीगल एज्युकेशन रूल्समध्ये सहावा नियम आहे. लॉ च्या डिग्रीला रजिस्टर असताना दुसरा कुठलाही ग्रॅज्युएट, पोस्ट ग्रॅज्युएट किंवा सर्टिफिकेट कोर्स करता येत नाही, आणि त्यात फक्त विद्यापीठाच्या डिग्र्यांचं नाव नाही तर व्यावसायिक ज्ञान देणाऱ्या इन्स्टिट्यूटच्या कोर्सचाही उल्लेख आहे. सूट आहे ती एकाच संस्थेतल्या इंटिग्रेटेड कोर्सला, भाषा किंवा कॉम्प्युटरच्या छोट्या पार्ट टाइम कोर्सला आणि विद्यापीठाच्या डिस्टन्स कोर्सला. २०२२ मध्ये यूजीसीने दोन डिग्र्या एकाच वेळी करायला परवानगी दिली ती बातमी सगळ्यांनी वाचली आणि तेव्हापासून हा गोंधळ वाढलाय, पण लॉ ला बार कौन्सिलचा नियम लागू होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तर बार कौन्सिलने सर्क्युलर काढून सांगितलं की मार्कशीट आणि डिग्री देण्याआधी विद्यार्थ्याकडून डिक्लरेशन घ्या, दुसरा कोर्स चालू होता का, नोकरी होती का, हजेरी भरली का, आणि कॉलेजमध्ये बायोमेट्रिक लावा.

हजेरीचा नियम ७० टक्के, प्रत्येक विषयात. तुझी आर्टिकलशिप आठवड्याला किमान ३५ तासांची. वागळे इस्टेटहून कॉलेज, कॉलेजहून क्लायंटकडे ऑडिटला, मार्च एंडिंगला आणि सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटच्या दिवसांत तुला रात्री दहाशिवाय घरी जाता येणार नाही, मग सकाळी सातचं लेक्चर कोण करणार. शिवाय आर्टिकलशिप चालू असताना दुसरा कोर्स करायचा तर आयसीएआयची पण परवानगी लागते, त्यासाठी ११२ नंबरचा फॉर्म आहे. म्हणजे एका बाजूला आयसीएआय विचारणार, दुसऱ्या बाजूला लॉ कॉलेज विचारणार, आणि दोन्हीकडे खरं लिहिलंस तर कुठेतरी अडेल. 'मॅनेज' करायचं म्हणजे कुठेतरी खोटं लिहायचं. आणि ज्या दोन व्यवसायांचा पायाच मुळी सही आणि शपथ हा आहे त्या दोन्हींत शिरताना पहिलाच कागद खोटा भरायचा, हे मला फार वाईट वाटतं, आणि सनदेच्या वेळी किंवा नंतर कुणी तक्रार केली तर तो कागद तुझ्यासमोर ठेवला जाईल. मित्र तेव्हा नसतील.

मग काय करायचं? आर्टिकलशिप मन लावून कर. प्रिन्सिपलना, म्हणजे ज्या सीएच्या हाताखाली शिकतोस त्यांना, सांग की मला लिटिगेशनचं काम द्या, स्क्रुटिनीच्या नोटिसांची उत्तरं, अपिलाचे ग्राउंड्स, हे ड्राफ्ट करायला मिळालं तर तुला तिथेच अर्धी वकिली शिकायला मिळते. आयकर कायदा पण आता नवीन आहे, २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, जुन्या १९६१ च्या कायद्याच्या केसेस मात्र वर्षानुवर्षं चालतीलच, त्यामुळे तुमच्या पिढीला दोन्ही कायद्यांचे सेक्शन शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतील, आणि आत्ता शिकणाऱ्याला याचा फायदा आहे. फायनल झाली की तीन वर्षांचं एलएलबी घे. तोवर तुला कळलेलं असेल की खरंच हवंय का.

आणि ते कसं कळणार, तर अपिलाचा रस्ता बघ. आयकर अधिकाऱ्याची ऑर्डर आली की कमिशनर अपील्स, त्यानंतर ट्रायब्युनल म्हणजे आयटीएटी. इथपर्यंत सीए स्वतः जाऊ शकतो, युक्तिवाद करू शकतो. जीएसटीत आणि एनसीएलटी या कंपन्यांच्या ट्रायब्युनलमध्ये सुद्धा सीएला उभं राहता येतं. हाय कोर्टाच्या दारात मात्र ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ आडवा येतो, तिथे फक्त वकील. ज्या सीएला आपली केस ट्रायब्युनलनंतर दुसऱ्याच्या हातात द्यायला जिवावर येतं तो एलएलबी करतो, असे बरेच आहेत आणि टॅक्सच्या वकिलांत त्यांना मान आहे. पण दोन्ही बोर्ड एकाच वेळी लावता येत नाहीत हे आत्ताच लक्षात ठेव. वकिली करताना दुसरा व्यवसाय करायला बार कौन्सिलची बंदी आहे, म्हणून सीएचं सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस परत द्यावं लागतं. ज्ञान दोन्ही राहतं, प्रॅक्टिस एकच.

नमस्कार ताई. मी ४३ वर्षांची आहे, कोपरखैरणेला राहते, बी.कॉम. करून गेली बरीच वर्षं एका बिल्डरच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, शिवाय दोन-तीन सोसायट्यांचे हिशेब करते. मुलं मोठी झाली. आता एलएलबी करावंसं वाटतं. या वयात हसतील का लोक? नोकरी सोडावी लागेल का? आणि उपयोग काय?

अहो ताई, हसणार कोण? तीन वर्षांच्या एलएलबीच्या वर्गात निवृत्त बँकवाले, पोलीस, शिक्षिका, सगळे असतात आणि कॉलेजातली पोरं नोट्स मागायला त्यांच्याकडेच येतात. एमएच सीईटीला वरच्या वयाची अट नाही, ग्रॅज्युएशनला ४५ टक्के असले की ओपनमधून पात्र.

उपयोगाचं विचाराल तर तुमच्याइतकी तयारी असलेलं पत्र यावेळी दुसरं नाही. तुम्ही बिल्डरच्या ऑफिसात आहात म्हणजे रेराचं, बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याचं, वेगळं खातं तुम्ही रोज बघत असाल. फ्लॅटवाल्यांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे आणि काम जसं पुढे जाईल तसे इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांच्या सर्टिफिकेटवर काढायचे, हे २०१६ च्या रेरा कायद्याने सांगितलंय. घोडबंदर रोडपासून तळोजापर्यंत कितीतरी कुटुंबांचे पैसे या एका तरतुदीवर अवलंबून आहेत. प्रोजेक्ट रखडला आणि खरेदीदार महारेराकडे गेले की सगळी लढाई त्या खात्याच्या स्टेटमेंटवर येते, पैसा कधी आला, कुठल्या सर्टिफिकेटवर निघाला, कुठे गेला. ते स्टेटमेंट वाचून सरळ तीन परिच्छेदांत मांडू शकणारा वकील असेल तर खरेदीदारांचं निम्मं काम होतं. तुम्ही ते आत्ताच वाचू शकता, फक्त मांडायचा अधिकार आणि पद्धत शिकायची राहिलीये.

सोसायट्यांचंही तेच. १९६० चा सहकारी संस्था कायदा, सिंकिंग फंड, मेंटेनन्सची वसुली, ऑडिटमधले दोष, डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डर करून देत नसेल तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं), नवी मुंबईत त्यात सिडकोच्या लीजचा विषय, हे सगळे वाद मुळात कागद आणि आकड्यांचे आहेत. आणि बायकांच्या दृष्टीने मला फार महत्त्वाचा वाटतो तो पोटगीचा विषय. सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये सांगितलं की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं ॲफिडेव्हिट द्यायचं. धंदेवाईक नवरा रिटर्नमध्ये चार लाख दाखवतो आणि घराचा हप्ता महिन्याला साठ हजार जातो, हे दोन आकडे शेजारी ठेवायला सुचावं लागतं. जीएसटी रिटर्नमधला टर्नओव्हर, भागीदारी फर्मचं कॅपिटल अकाउंट, ड्रॉइंग्ज, यातून खरं उत्पन्न बाहेर काढणारी वकील एखाद्या बाईला मिळाली तर तिच्या पोरांच्या शाळेची फी सुटते. तुमच्यासारख्या माणसाने या कामात यावं असं मला मनापासून वाटतं.

नोकरीचं मात्र सरळ सांगते. कॉलेजला नोकरी लपवू नका, आता डिक्लरेशन द्यावं लागतं आणि मालकाची ना हरकत लागते, हजेरी ७० टक्के भरायची, म्हणून ॲडमिशन घेण्याआधी लेक्चरची वेळ कॉलेजात जाऊन बघा आणि ऑफिसची वेळ मागेपुढे करून मिळते का ते मालकांशी बोला. शिवाय १२ आठवड्यांची इंटर्नशिप असते. आणि पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना सनद घेता येत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष वकिली करायची तर तीन वर्षांनी नोकरी सोडावीच लागेल, तोवर सुरुवातीच्या दोनेक वर्षांच्या घरखर्चाची सोय करून ठेवा कारण ज्युनिअर वकिलाला पैसे उशिराच मिळतात. एक चांगली बातमी, सनदेची फी ७५० रुपयांच्या वर घेता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये सांगितलंय, एससी एसटीला १२५. नोकरी सोडायची नसेल तरी एलएलबी वाया जात नाही, बिल्डरच्याच ऑफिसात ॲग्रीमेंट आणि रेराचं काम तुमच्याकडे येऊ शकतं.

मला गणित अजिबात जमत नाही, तरी लॉ आणि अकाउंट्स जमेल का? - सानपाड्याहून एक विद्यार्थी

अकाउंट्सला बेरीज, वजाबाकी, टक्केवारी आणि चिकाटी लागते, तेवढं जमतं ना? सीए फाउंडेशनला मात्र मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्सचा पेपर आहे, तो टाळता येत नाही, त्या वाटेने जाणार असशील तर आत्तापासून क्लास लाव. लॉ मध्ये टॅक्सेशन सक्तीचं आहे पण त्यात गणितापेक्षा सेक्शन समजणं जास्त.

ताई, मी कळव्याचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम, बी.कॉम. कसंबसं इंग्लिशमधून केलं. लॉ करून टॅक्स आणि बँकांच्या केसेस करायची इच्छा आहे. कोर्टात इंग्लिश लागतं म्हणून घाबरतोय. माझ्यासारख्याने या नादी लागावं का?

लागावं, आणि घाबरायचं कमी करावं. एमएच सीईटी मराठीतूनही देता येते. आपल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे, ठाण्याच्या कोर्टात साक्षीदार मराठीत बोलतो, दावे मराठीत दाखल होतात, आणि चेक बाउन्सच्या केसेस, म्हणजे कलम १३८, ज्यात तुझं अकाउंट्स सगळ्यात जास्त उपयोगी पडेल, त्या इथेच चालतात. आरोपी म्हणतो चेक सिक्युरिटी म्हणून दिला होता, तुझ्या क्लायंटची लेजर, इन्व्हॉइस आणि बँक स्टेटमेंट तारखेवार जुळवून तू उलटतपासाला उभा राहिलास की तिथे तुझं इंग्लिश कुणी विचारत नाही.

पण तुला टॅक्स करायचंय, म्हणून खरं तेही सांगते. आयटीएटीत आणि हाय कोर्टात काम इंग्लिशमध्येच चालतं, आणि टॅक्सचे सगळे निकाल इंग्लिशमध्येच. सीएकडे वळलास तर तिथे परीक्षा इंग्लिश किंवा हिंदीत, मराठीत नाही. म्हणून इंग्लिश बोलण्याच्या क्लासवर पैसे घालू नकोस, तुला लागणारं इंग्लिश वाचायचं आणि लिहायचं आहे आणि ते एका ठरावीक साच्याचं असतं. रोज आयटीएटीचा एक छोटा निकाल वाच, त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, सहा-सात पानांचे पण असतात. वस्तुस्थिती काय, अधिकाऱ्याने काय केलं, करदात्याचं म्हणणं काय, ट्रायब्युनलने काय ठरवलं, हे चार मुद्दे आधी मराठीत वहीत लिही आणि मग तेच इंग्लिशमध्ये लिही. सुरुवातीला एका निकालाला दोन तास जातील. बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, वाचताना पण तेच, सेक्शन एकदा इंग्लिशमधून, एकदा मराठी प्रतीतून. एलएलबीनंतरच्या ऑल इंडिया बार एक्झामला टिपणं नसलेला बेअर ॲक्ट आत नेता येतो, तिथे भराभर सेक्शन शोधायची ही सवय कामाला येईल.

सुरुवात कुठल्या निकालापासून करू असं विचारशील, तर रोख रक्कम बँकेत भरल्याच्या केसेस घे, २०१६ च्या नोटाबंदीनंतरच्या ढिगाने आहेत. दुकानदाराने जुन्या नोटा भरल्या, अधिकारी म्हणाले हे बेहिशेबी उत्पन्न, दुकानदाराने कॅश बुक आणि स्टॉक रजिस्टर पुढे केलं. कॅश बुक तुला बी.कॉम.पासून येतंच, त्यामुळे निम्मा निकाल तुला शब्दकोश न उघडता कळेल. पहिले पाच-सहा वाचून झाले की काय अडलं ते मला लिहून पाठव, पुढच्या महिन्याच्या सदरात त्यातलंच एखादं सोडवू.